आळीतलं तळं

आळीचा इतिहास शोधायला आम्ही समिती नेमली आणि घरोघरचे जुने फोटो मागवले. जवळजवळ प्रत्येक फोटोत माणसांच्या मागे एकच तळं होतं. त्यात कमळं आणि एक राजहंस. म्हणजे लोणावळ्यातल्या आमच्या आळीत तळं होतं आणि कुणीतरी ते बुजवलं. पावसात पाणी मुक्ताबाईंच्याच दारात साचतं, तेव्हा तळं तिथंच असणार. ते पुन्हा खोदायचं ठरलं. घर रिकामं करा, असं मी स्वतः त्यांना सांगून आलो.

"आरं, त्यो वाहिदभाईच्या स्टुडिओतला पडदा हाय," त्या म्हणाल्या. "त्याच्यापुढं बसवूनच समद्यांचे फोटो काढायचा त्यो."

"मावशी, तोंडी सांगणं इतिहासात धरत नाहीत. फोटो आहे का तुमच्याकडे?"

पुढच्या आठवड्यात त्या फोटो घेऊन आल्या. वाहिदभाईंचा स्टुडिओ आता त्यांचा मुलगा तन्वीर चालवतो, त्यानेच काढलेला. मुक्ताबाई खुर्चीत बसलेल्या, मागे तेच तळं, तोच राजहंस आणि काठावर त्यांचं घर, पत्र्यासकट. रंग जरा ओलाच दिसत होता.

समितीने फोटो भिंगातून पाहिला. घर तळ्यात नव्हतं, काठावर होतं. पाडायचा प्रश्नच मिटला.

आता तळं कुणाच्या घराखाली आहे ते शोधायचंय. सगळी आळी तन्वीरच्या दारात रांगेत उभी आहे. मीही उभा आहे. माझं घर राजहंसापासून जरा लांब काढ, एवढंच त्याला सांगणार आहे.