वीतभर अंतर

मालाडच्या दुकानात रुचिराने चौथा जॉयस्टिकवाला कंट्रोलरही बाजूला सारला. डावीकडच्या दांडीपासून उजवीकडच्या बटणांपर्यंत तिने वीत टाकली आणि मान हलवली. “फारच जवळजवळ आहे हो. मला ऐसपैस पाहिजे.”

“मॅडम, फायटिंग गेमला हात जवळच बरे पडतात,” दुकानदार वैतागला. “मोठा घेऊन पस्तावाल.”

“मी पस्तावेन ना, तुम्ही काढा.”

शेवटी माळ्यावरून पाटाएवढा रुंद कंट्रोलर खाली आला. तोच उचलून तिने तडक भावाच्या घरी नेला आणि टीव्हीला जोडून त्याच्यासमोर ठेवला.

सर्वेशने मांडीवर निपचित पडलेल्या आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. पॅरालिसिसचा झटका येऊन आठ महिने झाले होते. “चेष्टा करतेस काय ताई? एका हाताने काय खेळू?”

रुचिरा त्याच्या उजव्या बाजूला खेटून बसली आणि तिने बटणांवर बोटं ठेवली. “लहानपणी व्हिडिओ गेम पार्लरात एका कॉइनमध्ये दोघं कसे खेळायचो? दांडी तुझी, बटणं माझी. फक्त हरलो की खापर माझ्यावर फोडायचास, ते आता चालणार नाही. धर दांडी.”