देवांना सांगून निघायचं

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या त्या शांत घरात बॅगेच्या तळाशी काहीतरी किणकिणलं. निवेदिताने घाईघाईने पूजेच्या घंटेत पायमोजा कोंबला आणि बॅग बंद केली.

"आई, थायलंडमध्ये हात याई शहरात बोटीवरचे नूडल्स खायचे ना?" छोटी ईरा जिन्यावरून ओरडली. "आणि ते फ्राइड चिकन! मी मिसला प्रॉमिस केलंय, मंडेला येऊन सगळं सांगणार."

"हो गं राणी, शूज घाल."

दाराशी टॅक्सी येऊन थांबली. ईराचा बाबा अवधूत निवेदिताला हळूच म्हणाला, "आता तरी सांगू या का तिला?"

"नको रे. तिथे चार दिवस हसूखेळू दे. तुझी नोकरी गेली, व्हिसा संपला, तिथून परस्पर पुण्याला जायचंय, हे नंतर सांगू."

तेवढ्यात ईरा परत आत पळाली. प्रवासाला निघताना देवांना सांगून निघायचं, हे वळण तिला आईनेच लावलेलं. किचनमधलं देवांचं कपाट उघडल्याचा आवाज आला.

"आई," ती तिथूनच म्हणाली, "आपण तर अजून घरीच आहोत. मग सगळे देव कुठे गेले?"