सहा महिने

इंजिन झकास होतं, आणि पंचाईत तीच होती.

मामाने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि हाताने खूण केली. सीटवर बसलेल्या भाच्याने रेस दिली. आवाज चढला, उतरला, पुन्हा चढला. कुठे खरखर नाही, टकटक नाही. नऊ वर्षं दुसऱ्याने वापरलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार, सत्तर हजार किलोमीटर पळालेली. पण आधीच्या मालकाने तळहातावरच्या फोडासारखी जपली असणार. मामाने जागा बदलून पुन्हा ऐकलं. त्याला काहीतरी खोट हवी होती आणि मेली सापडत नव्हती.

सकाळी तोंड धुवायच्या आत बहिणीचा फोन आला होता.

"दादा, तो आज एक गाडी घेऊन तुझ्याकडे येतोय. इंजिन गेलंय म्हणून सांग."

"अगं, न बघता कसं सांगू?"

"मग बघ, आणि बघून सांग. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकतो. मोटारसायकलवरून दोनदा आपटलाय, पायात सळई आहे. आता तिसऱ्यांदा हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसायची ताकद नाही रे माझ्यात."

मामा हो म्हणाला होता. बहीण रडायला लागली की तो कशालाही हो म्हणायचा.

पण इंजिनाबद्दल खोटं बोलायचं म्हणजे भलतंच झालं. तसा मामा काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. "गाडी उद्या नक्की देतो" ही थाप तो दिवसातून चार वेळा मारायचा आणि गिऱ्हाइकंही ती हसून सोडून द्यायची. मात्र जुनी गाडी घ्यायची तर आधी मामाच्या कानावरून जाऊ दे, असं सगळी पेठ म्हणायची. तीस वर्षांत तो कान चुकला नव्हता.

त्याने ऑइलची पट्टी काढली, पुसली, घातली, परत काढली. ऑइल मधासारखं स्वच्छ. गाडीभोवती एक फेरी मारली, उगाच टायरला लाथ घातली, पाणी प्यायला गेला आणि न पिताच परत आला.

"मामा, आज तुझं बूड एका जागी का नाही?" भाचा हसत म्हणाला. "सांग ना. किती चालेल इंजिन?"

दीड लाख किलोमीटर, मामाच्या जिभेवर आलं होतं. वेळच्या वेळी ऑइल बदललं तर दोन लाखसुद्धा.

"सहा महिने," तो हातातल्या फडक्याकडे बघत म्हणाला.

भाच्याने इंजिन बंद केलं. मामा उगाच फडक्याने बोटं पुसत राहिला. एकदा खोटं बोललं की माणसाला ते सजवावंसं वाटतं. "आतलं बेअरिंग खलास आहे. तुला नाही कळायचं, मला ऐकू येतं. फार तर सहा महिने, मग भंगार."

भाच्याचा चेहरा पडला. मामाला त्याची दया आली, आणि हायसंही वाटलं. सुटलो एकदाचा, तो मनात म्हणाला.

"परत करून टाक," त्याने भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आपण दुसरी शोधू. चांगली चार दारांची. आईलाही मागे ऐसपैस बसता येईल."

"आता परत कुठली करणार? कालच घेतली मी. कागदही झाले."

"मग मला विचारायला कशाला आलास?"

"घ्यायची की नाही हे नव्हतं विचारायचं, मामा. कशी चालवायची ते ठरवायचं होतं." भाचा स्टिअरिंगवरून बोटं फिरवत होता. "दहा वर्षं टिकणार असती तर जपून चालवली असती. साठच्या वर काटा जाऊ दिला नसता. खरंच, मनाशी पक्कं केलं होतं मी. पण सहाच महिने असतील तर कुणासाठी जपायची? आताच हायवेला काढतो. काय पळायचंय ते पळून घेऊ दे तिला."

मामाने हातातलं फडकं फेकून दिलं.

"थांब. खोटं बोललो मी. इंजिन सोन्यासारखं आहे. दीड लाख जाईल, दोन लाख जाईल. तुझ्या आईने सांगितलं म्हणून बोललो रे."

भाच्याने त्याच्याकडे बघितलं आणि तो मनापासून हसला. "माझं तोंड उतरलेलं बघवलं नाही ना तुला? अरे, नाही वाईट वाटलं मला. आणि तू इंजिनाबद्दल खोटं बोलशील होय?"

त्याने दार ओढून घेतलं, किल्ली फिरवली. एका झटक्यात इंजिन सुरू झालं. मामाने बॉनेट धाडकन खाली पाडलं आणि गाडीच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला, दोन्ही तळवे पत्र्यावर दाबून.

भाच्याने काच खाली केली.

"सरक ना, मामा. सहा महिन्यांतला एक दिवस इथेच घालवतोयस."