मनला विचार

"मनला विचार," मकसूद सर म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले.

पंचशीला टेबलापाशी थोडी रेंगाळली. फळ्यावर आधीच्या सरांनी पंचवीस कमांडची यादी लिहून ठेवली होती. अर्थ सांगायच्या आतच त्यांना हैदराबादला नोकरी लागली आणि क्लासच्या मालकांनी टायपिंगचे मकसूद सर या कंप्यूटर बॅचवर बसवले. यादीत पहिलीच कमांड होती सीपी. ती कशाची, एवढंच पंचशीलानं विचारलं होतं.

जागेवर येऊन तिनं विचार केला. सर 'मनला' म्हणाले, म्हणजे टाइप करायचंच काहीतरी असणार. तिनं एम, ए, एन अशी तीन अक्षरं दाबली आणि एंटर मारलं. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न उमटला: माहितीचं कोणतं पान हवंय?

तिनं पुन्हा तीच अक्षरं दाबून पुढं सीपी जोडलं. पानंच्या पानं उघडली. सीपी म्हणजे फाईलची नक्कल. सगळं पुस्तक मशीनच्या पोटातच होतं. पंचशीला एवढी खूश झाली की तिनं शेजारच्या बुशराला चिमटाच काढला.

सन दोन हजारात लातुरात गल्लोगल्ली ट्यूशन निघाल्या होत्या. भूकंपानंतर गाव सोडून आलेल्या तिच्या मायनं, नागुबाईनं, या ट्यूशनच्या पोरांसाठी मेस चालवायला घेतली होती. साठ पोरांच्या पोळ्या लाटून मगच पंचशीला क्लासला यायची. दिवाळीनंतर एका मोठ्या ट्यूशनमध्ये निकाल लावायच्या कंप्यूटरवर एक जागा निघणार होती. ती मिळाली तर पोळपाट सुटणार होता. नाही मिळाली तर माय आणखी वीस पोरं घ्यायला टपलेलीच होती.

इंग्रजीवाले त्या कमांडला मॅन म्हणत असतील. सर मन म्हणायचे, म्हणून अख्खी बॅच मन म्हणायची. सर कीबोर्डला बोट लावत नसत. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. बुशराला सर आळशी वाटायचे. पंचशीलाला वाटायचं, आयतं मिळालं तर पोरी शिकायच्या नाहीत, हे सरांना पक्कं कळलंय.

"सर, मनमधून भाईर निघताच येईना," ती एकदा रडवेली होऊन म्हणाली.

सरांनी पेपर खाली घेतला. तिच्याकडं निरखून पाहिलं. "पाणी पी बेटा. शांत डोकंनं बस जरा. निघशील."

ती पाणी पिऊन आली आणि एकेक बटण दाबत गेली. क्यू दाबल्यावर निघाली. सरांचं बरोबरच होतं.

"सर, मन लई लांबण लावतंय हो."

"लावू दे. घाई करू नको, समदं ऐकून घे. मन झूठ बोलत न्हाई."

मग ती डिक्शनरी मांडीवर घेऊन सगळं ऐकून घेऊ लागली. आधी एका पानाला दोन दिवस लागायचे. दिवाळीपर्यंत दिवसाला तीन पानं व्हायला लागली. पोळ्या लाटताना ती कमांड पुटपुटायची आणि माय म्हणायची, "पोरगी येडी होऊन राहिली."

मुलाखतीला चाळीस जण आले होते. परीक्षक म्हणून नांदेडहून निवृत्ती सरांना बोलावलं होतं. त्यांनी दोनशे पोरांच्या गुणांची फाईल उघडून दिली. पहिला नंबर वर, शेवटचा खाली, अशी यादी करायची. वही बघायची नाही.

त्यासाठीची सॉर्ट ही कमांड फळ्यावरच्या यादीत होती, पण पंचशीलानं ती कधी चालवलीच नव्हती.

"सर, मनला विचारलं तर चालंल का?"

निवृत्ती सर बुचकळ्यात पडले. मग तिनं टाइप केलेलं पाहून हसले. "मॅन म्हणताय होय, मॅन्युअलचं. विचारा की."

तिनं सॉर्टचं पान काढलं. पहिल्या खेपेला नऊ गुणांचा पोरगा पंच्याऐंशीवाल्याच्या वर जाऊन बसला. ती डगमगली नाही. पान पुन्हा सावकाश वाचलं. आकडे आकड्यांसारखे लावायची खूण खालच्या अंगाला लिहिलेली होती. ती जोडली आणि यादी सरळ आली.

"बाकीचे वह्या पाठ करून आले होते," निवृत्ती सर म्हणाले. "माहीत नसेल तर कुठं बघायचं, हे तुम्हालाच ठाऊक. सोमवारपासून या. कुणी शिकवलं?"

"आमच्या मकसूद सरांनी," ती म्हणाली.

पेढे घेऊन ती आधी घरी गेली नाही, क्लासवर गेली. सरांना इतका आनंद झाला की ते खुर्चीतून उठूनच उभे राहिले.

"सर, तुमच्या मन कमांडनं नोकरी लागली बघा. परीक्षक बी चाट पडले."

सरांच्या हातातला पेढा तोंडापाशीच थांबला.

"कमांड?"

"एम, ए, एन. पहिल्या दिवशी तुम्हीच न्हाई का सांगितली?"

"मी आपलं याला विचार म्हणायचो," ते म्हणाले आणि त्यांनी तळहात छातीवर ठेवला. मग दार लोटून घेतलं, कंप्यूटरसमोरची खुर्ची ओढली आणि हळू आवाजात विचारलं, "बेटा, मन नावाची कमांड खरंच असते का?"