कपाळावरचं पाणी

पाणी काळ्या बैलाच्या कपाळावरून ओघळलं, तरी त्यानं मान हलवली नाही. पुजारी देक्सियसनं पुन्हा शिंपडलं. बैल तसाच. बळीनं आपणहून मान हलवल्याशिवाय सुरी उचलायची नसते. मान हलली की समुद्राचा देव पोसायडन राजी झाला, असं गाव मानायचं.

तीन दिवसांपूर्वी त्यानं समुद्राच्या तळाशी त्रिशूळ आपटला होता. आधी जमीन हलली, मग समुद्र उठून बंदरात शिरला आणि अर्धं गाव घेऊन गेला. उरलेलं अर्धं गाव आता टेकडीवर वेदीभोवती उभं होतं. तिसऱ्या दिवशीही बैल ऐकत नव्हता.

"गावात पाप आहे तोवर देव मान हलवायचा नाही," देक्सियस म्हणाला. त्याचं बोट मेलिताकडे वळलं. "हिला विचारा. वीस वर्षं रोज पहाटे समुद्राला द्राक्षारस वाहते. नेमका त्याच दिवशी वाहिला नाही. आणि बघा, साऱ्या गल्लीत हिचंच घर उभं."

"माझी दोन पोरं गेली," जाळी विणणारा आर्खिप्पस म्हणाला. "हिचं मडकंसुद्धा फुटलं नाही."

माणसं दगडांसाठी वाकली.

"दगड नकोत. सूर्य बुडायच्या आत हिला वेशीबाहेर काढा," देक्सियस म्हणाला. "परत पाऊल टाकायचं नाही."

मेलिता किनाऱ्यावरून तशीच वर आली होती. वाहून आलेल्या प्रेतांचे चेहरे धुवायचा पाण्याचा वाडगा अजून तिच्या हातात होता. तिचा चढलेला आवाज गावानं कधी ऐकला नव्हता. आजही तो चढला नाही.

"नेम मोडला, खरं आहे. त्या पहाटे या वेदीला एक परका वल्हेकरी बिलगून बसला होता. हातात शरण आल्याची खूण, लोकर गुंडाळलेली फांदी. अशाला हात लावायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना, बुवा? त्याच्या घशाला कोरड पडली होती. समुद्राचा द्राक्षारस मी त्याला पाजला. आणि तुम्ही? एकेक करून त्याची बोटं वेदीवरून सोडवलीत. तुमच्या भावाच्या गलबतावर नेऊन वल्ह्याला बांधलंत. ते गलबतही लाटेनं गिळलं."

"पळालेला गुलाम होता तो. तुझा कोण लागत होता?"

"कोणी नाही. म्हणून तर तीन दिवस किनाऱ्यावर बसलेय. तुमच्या माणसांना तुम्ही आहात. त्याचं प्रेत वर आलं तर त्याच्यावर मूठभर माती कोण टाकणार? मला संध्याकाळी हाकला, पण तेवढं सांगून हाकला."

तेवढ्यात बैलानं दोरीला ताण देत मान पुढे काढली. मेलितानं वाडगा त्याच्यासमोर धरला.

"पी बाबा."

तीन दिवस देवाच्या नावानं पाणी त्याच्या कपाळावर पडत होतं. तोंडाला कोणी लावलंच नव्हतं.

बैलाची मान वाडग्यात खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. साऱ्या गावानं पाहिलं.

देक्सियसनं सुरी उचलली. आर्खिप्पसनं हातातला दगड टाकला आणि त्याचं मनगट धरलं.

"थांबा, बुवा. देव कुणाला हो म्हणाला, ते आम्ही पाहिलंय."