भिंतीवरचे खिळे

मागच्या खेपेला घराची किंमत ठरवायला बँकेने पाठवलेला गोरा साहेब भिंतीवरचे आमचे काळे चेहरे बघून गेला आणि घराला खुराड्याचा भाव देऊन मोकळा झाला. म्हणून या वेळी मी आजोबांच्या लष्करी गणवेशातल्या फोटोपासून लेकीच्या बाप्तिस्म्यापर्यंत सगळं उतरवून गाडीच्या डिकीत कोंबलं. नवऱ्याला चर्चमध्ये पिटाळलं. शेजारच्या गोऱ्या कॅथलीनला मालकीण म्हणून सोफ्यावर बसवलं आणि ॲप्रन बांधून मी स्वतः कामवाली झाले.

"अगं, जरा रेलून बस. घर तुझं आहे!" मी तिला दटावलं.

बेल वाजली. दारात उभा असलेला बँकेचा माणूस आमच्यातलाच निघाला, काळा. पण मी काही बोलायच्या आत कॅथलीन त्याला घर दाखवायला लागलीसुद्धा.

सगळं बघून झाल्यावर तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला आणि हळूच म्हणाला, "ताई, घर छान ठेवलंय. किंमतही चांगली येईल. फक्त पुढच्या वेळी भिंतीवरचे खिळेही काढा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुम्हाला कळलं?"

"गेल्या महिन्यात दुसऱ्या बँकेचा माणूस माझं घर बघायला आला होता," तो म्हणाला. "आमचेही खिळे तसेच राहिले."