बारा शब्दांचा पंचनामा

"क्रिप्टो म्हणजे चोरांचा धंदा!" झडतीला आलेले तपास अधिकारी भाषांतरकार बाईंवर डाफरले. परदेशी पुस्तकांच्या भाषांतराची कमाई बाईंनी क्रिप्टोत घेतली होती, एवढंच काय ते निमित्त.

झडतीत बाईंची वही सापडली. तिच्यातले बारा शब्द म्हणजे त्या पैशांची किल्लीच. बाई काकुळतीला आल्या, "साहेब, ते कुठे लिहू नका हो! ज्याच्या हाती हे शब्द, त्याचे पैसे."

"बाई, आम्हाला नियम शिकवू नका!" म्हणत साहेबांनी बाराच्या बारा शब्द पंचनाम्यात उतरवले, सहा प्रती काढल्या आणि कचेरीतल्या सहा टेबलांवर धाडल्या.

तिसऱ्या दिवशी बाईंच्या क्रिप्टो खात्यात दमडी उरली नाही.


जप्तीतले पैसे पळवल्याचा नवा गुन्हा बाईंवरच ठोकत साहेब म्हणाले, "तरी मी सांगत होतो, हा चोरांचाच धंदा आहे!"